थोरली, धाकटी आणि माझी सही

चेरीताल, जबलपूर
एप्रिलअखेर, शनिवार

आदरणीय बाबारावजी,

देवीदासचा जयभीम घ्यावा. वहिनींना निराळा जयभीम, कारण मागच्या पत्रात एकाच जयभीमात दोघांना उरकलं असं त्या कलावतीजवळ बोलल्या, हे माझ्या कानावर आलं आहे. तुमचा गुडघा कसा आहे? (डावा दुखतो असं तुम्ही सांगता, पण मी दिवाळीला लक्ष ठेवून पाहिलं, लंगडत तुम्ही उजव्या पायाने होता. एकदा घरी बसून नक्की ठरवा आणि मगच डॉक्टरांकडे जा, नाहीतर ते भलत्याच गुडघ्याला हात घालतील.) तुमच्या बहिणीच्या, म्हणजे आमच्या कलावतीच्या, मोतीबिंदूचं ऑपरेशन छान झालं. पट्टी निघाल्यावर तिला सगळ्यात आधी माझ्या शर्टाची कॉलर दिसली आणि "ही एवढे दिवस अशीच होती का?" असं तिने विचारलं. म्हणजे नजर चांगलीच आली आहे.

आता तुम्ही म्हणाल, हातात फोन असताना हा माणूस पानंच्या पानं काहून लिहून राहिला. तर आमच्या घरात फोनवर बोललेलं आधी भैयालालजींच्या घरात पोहोचतं (भिंत एकच आहे, आणि ती त्यांच्या बाजूने पातळ आहे असं माझं मत आहे). शिवाय जे सांगायचं आहे ते साऱ्या जगात मी फक्त तुम्हालाच सांगू शकतो. हे प्रेमापोटी म्हणत नाही. प्रेम आहेच, पण हे कायद्याने म्हणतो. कलम पाच. ते पुढे येईल.

आमची लेक हेमलता आईच्या ऑपरेशनसाठी आली ती आपलं ऑफिस लॅपटॉपमध्ये घालून आली. ती बंगळुरूला वकील आहे पण कोर्टात जात नाही, यावर तुम्ही एकदा "मग वकील कशाची?" म्हणाला होता. त्याचं उत्तर तेव्हा राहून गेलं, ते आता देतो. आपण प्लॉट घेताना खसरा, म्हणजे जमिनीचा उतारा, पाहतो, मागचे मालक पाहतो, उद्या कोणाचा भाऊ उगवणार नाही ना ते पाहतो. कॉम्प्युटरची कंपनी विकत घेताना प्लॉट दिसतच नाही. तिथली सगळी मालमत्ता म्हणजे कोण्या पोराने बसून लिहिलेल्या ओळी. मग पाहायचं काय? तर त्या ओळी लिहिल्या कोणी, लिहिल्या तेव्हा तो कंपनीच्या नोकरीत होता का, आणि ओळी कंपनीच्या झाल्या असं त्याने लिहून दिलं का. नसेल दिलं तर तोच तो उगवणारा भाऊ. हे सगळं उकरून काढायचं, कागद बांधायचे, समोरच्या वकिलांशी एकेका शब्दावरून झगडायचं, आणि शेवटी दोघांना हात मिळवायला लावायचं, हे आपल्या हेमलताचं काम. तिच्याकडे या वेळी एक लहान कंपनी होती आणि समोर तिला विकत घेणारी मोठी. नावं सांगता येत नाहीत (कलम दोन). सोयीसाठी आपण लहानीला धाकटी म्हणू आणि मोठीला थोरली. धाकटी काय बनवते हेही सांगता येत नाही. तुमच्या फोनमध्ये ती आहे एवढंच म्हणतो, आणि तेही म्हणायला नको होतं, तर ते वाक्य खोडलेलं समजा.

हे काम हेमलताने पहिल्यांदाच एकटीच्या जबाबदारीवर घेतलं होतं. पार पडलं तर तिला फर्ममध्ये भागीदार करून घेतील अशी गोष्ट होती. सह्या होण्याआधी बाहेर एक शब्द गेला असता तर थोरली मागे सरली असती, आणि भागीदारी राहिली बाजूला, नोकरीवरच आलं असतं. म्हणून एका संध्याकाळी चहा पिता पिता तिने एक कागद माझ्यापुढे सरकवला. ऑफिसचा नियम होता की तिची गंमत, हे मला आजही नक्की माहीत नाही, कारण तिच्या तोंडावर हसू होतं. "बाबा, इथं सही करा, अन् भैयालाल काकांजवळ एक शब्द नाही." मी म्हटलं, वाचल्याशिवाय सही मी स्वतःच्या लग्नाच्या रजिस्टरवरही केली नव्हती. (तुम्ही साक्षीदार होता. मागे उभे राहून "अहो, करा लवकर" म्हणत होता.)

बाबारावजी, मी दहावीनंतर फॅक्टरीत लागलो हे खरं, पण कायदा मी स्वतःच्या बळावर वाचला आहे, तोही नेपियर टाउनच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानातून एकेक आणून. फॅक्टरीतल्या निम्म्या लोकांचे अर्ज माझ्या हातचे आहेत आणि त्यातला एकही "भाषा समजली नाही" म्हणून परत आलेला नाही. तेव्हा तो कागद मी ठेवून घेतला आणि समासात लाल शाईने हरकती लिहून परत दिला. तिने निळ्या शाईने उत्तरं दिली. मग कागद माझ्या खाटेवरून तिच्या टेबलावर आणि तिथून परत असा फिरू लागला. थोरली आणि धाकटीचा मसुदाही असाच इकडून तिकडे जातो असं ती म्हणाली, फक्त थोरलीचे वकील हरकत मागे घ्यावी लागली तर जेवण सोडत नाहीत.

माझी पहिली हरकत अशी की वाद झाला तर तो बंगळुरूच्या कोर्टात चालेल असं लिहिलेलं. मी विचारलं, हायकोर्ट इथं जबलपूरला असताना बापलेकीचं भांडण बंगळुरूला काहून न्यायचं? ती मान्य झाली. दुसरी मुदतीची. तिच्या मसुद्यात, सौदा जाहीर होईपर्यंत मी गप्प राहायचं, एवढंच होतं. मी विचारलं, कंपन्या एकमेकींना किती बांधून घेतात? ती म्हणाली, साधारण तीन वर्षं. मग कंपन्यांना तीन वर्षं आणि मला तीन आठवडे? मी काय हलक्या दर्जाचा पक्षकार आहे? तिथे मी 'तीन वर्षे' करून घेतलं. गोष्ट जगजाहीर झाली तर बंधन सुटेल, असंही एक वाक्य होतं, ते मी काटलं. गावभर झालं म्हणून आपणही तोंड उघडायचं हा कोणता सभ्यपणा? आणि या कागदात बदल करायचा तर तो दोघांच्या सहीने, लेखीच व्हावा, हेही मीच घातलं. हेमलताने पेन खाली ठेवलं. "बाबा, तुम्ही स्वतःलाच बांधून राहिले." मी म्हटलं, बांधायचंच तर गाठ नीट मारावी.

शेवटचं कलम पाच. माणसाला एकाजवळ तरी मन मोकळं करता आलं पाहिजे, नाहीतर रक्तदाब वाढतो. म्हणून 'जबलपूरबाहेर राहणाऱ्या एका ज्येष्ठ नातेवाइकास, नावे न सांगता, सर्वसाधारण स्वरूपात' अशी सवलत मी मिळवली. ते ज्येष्ठ नातेवाईक तुम्ही. तिने माझ्या सहीनंतर तोच कागद आईपुढे धरला, तर कलावती म्हणाली, "माझ्या डोळ्याला पट्टी आहे, अन् मी वाचल्याबिगर सही करत नाही." यावर आम्हा दोघांनाही कलम सापडलं नाही.

इथपर्यंत सगळं शिस्तीत होतं. पण चेरीतालला डोळे आहेत, आणि त्यांना मोतीबिंदू नाही. बंगळुरूला नोकरी करणारी मुलगी सकाळी दहा वाजता गच्चीवर कपडे वाळत घालते, मग कोपऱ्यावर भाजीवाल्याजवळ टिंडे निवडत उभी राहते. (तिचं काम दुपारनंतर जोर धरायचं, कारण थोरलीची माणसं जिथं राहतात तिथं सकाळ उशिरा होते. देश सांगत नाही.) दुपारी खोलीचं दार बंद, खिडक्या बंद, कूलरसुद्धा बंद, कारण त्याची घरघर समोरच्यांना ऐकू जाते. मी टेबलाच्या खाली, कॅमेऱ्यात येणार नाही अशा बेताने स्टुलावर बसून तिला वर्तमानपत्राने वारा घालायचो. (एकदा पेपराचं टोक वर गेलं आणि थोरलीच्या वकिलाने विचारलं की मॅडम, तुमच्याकडे कोणता पक्षी आहे का.) पण बाहेरून पाहणाऱ्याला काय दिसणार? दार लावून बसलेली मुलगी. मोहल्ल्याने ठरवून टाकलं, हिची नोकरी गेली.

पहिले आले भैयालालजी. "देवीदास जी, आजकल तो बड़ी-बड़ी कंपनियाँ निकाल रही हैं. बिटिया से कहिए, मन छोटा न करे." मी म्हटलं, वैसा नहीं है. "तो फिर कैसा है?" आता काय सांगू? छुट्टीवर आहे म्हणावं तर ते खोटं, आणि खोटं मी बोलत नाही. काम करते म्हणावं तर काम चालू आहे हेसुद्धा सांगायचं नाही (कलम तीन). हेमलता म्हणाली होती की एवढं ताणू नका. पण कलम म्हणजे रबर नव्हे. मी म्हणालो, "देखेंगे." बाबारावजी, ती भांडून आली असं सांगितलं असतं तरी जेवढं नुकसान झालं नसतं तेवढं या एका 'देखेंगे'ने केलं. दुसऱ्या दिवशी पार्वताबाई आल्या, विहारातल्या. सोबत कटनीचं स्थळ. "मागच्या वर्षी तुम्ही इंजिनिअरच पाहिजे म्हणत होते, भाऊ. आता तसं काही नसंल ना?" आत हेमलता परदेशातल्या सहा जणांना सांगत होती की ओळी लिहिणाऱ्या एका पोराची सही बाकी आहे, ती येईपर्यंत थोरलीने थांबावं. एका कानाने मी माझी लेक सहा माणसांना थांबवून ठेवते ते ऐकत होतो, आणि दुसऱ्या कानाने कटनीच्या मुलाला दोन दुकानांचं भाडं येतं हे. कलावती खाटेवरून म्हणाली, "पोराला पोळ्या येतात का, तेवढं विचारून या, पार्वताबाई." तिला काही वाटत नव्हतं. मला कोणी विचारलं तर सांगीन, म्हणे, पण मी दवंडी पिटत नाही, माझी लेक घरी आहे तेवढं बस. आणि तिला कोणी विचारत नव्हतं, कारण ऑपरेशन झालेल्या बाईला असलं दुःखाचं विचारू नये असा मोहल्ल्याचा चांगुलपणा.

आणि मग ऐन सह्यांच्या दिवशी गल्लीत पाइपसाठी खोदणाऱ्या जेसीबीने इंटरनेटची केबल तोडली. आमच्या घरात फोनची रेंज फक्त मोरीत येते. हेमलता मोरीतूनही करार करायला तयार होती, मीच नको म्हटलं. थोरलीने इतक्या दुरून यायचं आणि आमच्या बादल्या पाहायच्या? तेवढ्यात भैयालालजी फाटकात. "नेपियर टाउन में रत्नाकर सर की कोचिंग है, लॉ की तैयारी कराते हैं. मैंने बात कर रखी है, आप बस बिटिया को ले जाइए. इंटरनेट फर्स्ट क्लास है वहाँ." मी स्कूटर काढली. त्यांनी हेमलतासाठी शिक्षिकेच्या जागेची मुलाखत ठरवून ठेवली होती, हे आम्हाला तिथे पोहोचल्यावर कळलं.

रत्नाकर सर भला माणूस. काचेची खोली दिली, पंखा वाढवला. काचेतून हेमलता लॅपटॉपशी बोलताना दिसत होती. "तैयारी कर रही है?" त्यांनी मला विचारलं. मी हो म्हटलं, आणि तपासून पाहा, यात अक्षरही खोटं नाही. या कामात सह्या आधीच गोळा करून ठेवलेल्या असतात, पण दोन्हीकडचे वकील फोनवर "सोडल्या" म्हणेपर्यंत त्या सह्या, सह्या नसतात. अडलं होतं त्या एकाच पोराशी. तो कोण्या मित्राच्या वरातीत नाचत होता. धाकटीच्या मालकाने स्वतः जाऊन त्याला बँडवाल्यांमधून बाहेर ओढला आणि फोनवर बोटाने सही करून घेतली. मग काचेपलीकडे हेमलताचे ओठ हलले, तिने लॅपटॉप मिटला आणि दोन्ही तळहातांनी तोंड पुसलं. झालं होतं. बाबारावजी, त्या क्षणी नेपियर टाउनमध्ये माझ्याएवढा उंच माणूस नव्हता, आणि मी रेक्झिनच्या सोफ्यावर बसलो होतो.

ती हसत बाहेर आली तो सरांनी समोरची खुर्ची दाखवली. मी डोळ्यांनी खुणावलं की माणसाने खोली दिली आहे, दोन मिनिटं बस. "कॉर्पोरेट में काम किया है?" जी. "किस तरह का?" "सर, वो मैं बता नहीं सकती." "कोई बड़ी डील?" "उसके बारे में भी नहीं." "अच्छा. छोड़ी क्यों?" हेमलताने माझ्याकडे पाहिलं, मी भिंतीवरच्या पास झालेल्या मुलांचे फोटो पाहू लागलो. "सर, मैंने तो छोड़ी नहीं." सरांनी हळहळून मान हलवली. ते समजले की काढली. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "भाई साहब, बुरा मत मानिएगा. लड़की होशियार है, पर कुछ बताती नहीं. और टीचर का तो काम ही बताना है." माझी लेक, जिने नुकतीच दोन कंपन्यांची मोट बांधली, ती कोचिंगमध्ये नापास झाली. वाक्य माझ्या जिभेवर पूर्ण तयार होतं, कर्ता, कर्म, क्रियापद सगळं जागच्या जागी. मी ते गिळलं आणि वरून त्यांचा चहा प्यालो. चहात साखर नव्हती.

परतताना ती स्कूटरवर मागे बसून इतकी हसत होती की मला तोल सांभाळावा लागला. मग दमोह नाक्याजवळ हसू आवरून म्हणाली, "बाबा, तुम्ही काहीच बोलले नाही." मी म्हटलं, सही केली होती. ती म्हणाली, "थोरलीचे लोकबी एवढं पाळत नाहीत." एवढंच म्हणाली आणि माझ्या खांद्यावर हनुवटी टेकवली, लहानपणी टेकवायची तशी. घराशी उतरल्यावर म्हणाली, आता जाहीर होईलच, मग सांगून टाका सगळ्यांना. मी तिला मुदतीच्या कलमाची आठवण करून दिली, आणि मी काटलेल्या वाक्याचीही. ती म्हणे, मग मी तुम्हाला सोडल्याचा कागद करून पाठवते. बंगळुरूला परत गेली, पुढच्या कामात बुडाली, कागद काही आला नाही. मी मागणार नाही. मागितला तर असं होईल की बापाच्या पोटात गोष्ट राहत नाही. ती नोकरीवर परत गेली एवढं मात्र मी भैयालालजींना स्वच्छ सांगितलं (याला कोणतंच कलम आड येत नव्हतं). त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "मिल जाएगी, देवीदास जी. दूसरी मिल जाएगी."

भागीदारीचं पुढच्या महिन्यात ठरेल. तिचे मोठे साहेब मात्र फोनवर तिच्याशी आधीपेक्षा जास्त वेळ बोलतात, असं ती सांगते. इकडे आम्ही ठीक. कलावती सकाळपासून माझ्या बाकीच्या कॉलरी तपासत आहे. वडीलधाऱ्यांनी लोभ ठेवावा आणि गुडघ्याचं आधी नक्की करावं.

आपला,
देवीदास

ता. क. – तुम्ही बुद्ध पौर्णिमेला येणारच आहात. मी कागद पुन्हा काळजीपूर्वक वाचला. ज्येष्ठ नातेवाइकाला सांगायची सवलत मला आहे, पण त्या नातेवाइकाने पुढे सांगू नये असं त्यात कुठेच लिहिलेलं नाही. तुम्ही कशावरही सही केलेली नाही. विहारात खीर वाटप सुरू झालं की रांगेत भैयालालजी, पार्वताबाई आणि बनलं तर रत्नाकर सर (त्यांना मी आमंत्रण दिलं आहे) एका ठिकाणी सापडतील. त्या वेळी मी पाणी आणायला जाईन. मला परत यायला बराच वेळ लागेल. हे मी तुम्हाला करायला सांगत नाही. फक्त कुठे उभं राहिलं म्हणजे आवाज चांगला पोहोचतो ते कळवतो. खिरीच्या पातेल्याच्या डाव्या हाताला.

ता. क. दुसरा, सोमवार सकाळ – पत्र टाकायला निघालो तोच भैयालालजी खोव्याची जिलेबी घेऊन आले. त्यांच्या इंदूरच्या मुलाने फोनवर पाहिलं, फर्मने सौदा जाहीर केला आहे, हेमलताच्या फोटोसकट. सगळ्या चेरीतालला शनिवारपासून माहीत आहे. मला कोणी बोललं नाही, कारण पोरीने बापाला काहीच सांगितलं नाही, आता आपण कसं सांगावं, असं सगळ्यांना वाटलं. "आपको सच में नहीं बताया?" असं विचारून त्यांनी मला शेजारी बसवलं आणि सगळा सौदा समजावून सांगितला, तोही उलटा, म्हणजे धाकटीने थोरलीला घेतलं असा. मी दुरुस्तीही करू शकलो नाही. "अच्छा?" एवढंच म्हणालो. पार्वताबाई तर मघाशी फाटकात माझा हात धरून सांगून गेल्या, "लेकी अशाच असतात, भाऊ. बापाला शेवटी कळते." तेव्हा वरचं सगळं रद्द समजा. थोरली, धाकटी, हेमलता, नोकरी, काहीच सांगू नका. पातेल्याच्या डाव्या हाताला उभे राहा आणि मोठ्याने फक्त एवढंच सांगा, की देवीदासला माहीत होतं.